मिटत येणारी दारं

टपालबाई पायी आली, तर त्या डोंगरातल्या कुठल्याही घरात तिच्यासाठी खुर्ची पुढे सरकवली जाई, चहा ठेवला जाई, आणि "अशी काय वाळलीस गं?" म्हणून दोन शब्दही ऐकवले जात. सायकलवर आली, तर मात्र तिला दार बंद मिळे. यात कुणाचा तिच्यावर राग होता असं नाही. तिचाही कुणावर नव्हता. अडतीस वर्षं हे असंच चाललं होतं, आणि त्यात काही वेगळं आहे असं आता तिथे कुणाला वाटतही नव्हतं.

तो सगळा मुलूख म्हणजे काळा कातळ, कोरडा ओढा आणि त्याच्या काठाने वर चढत गेलेला खडीचा रस्ता. रस्त्यावर पाच वाड्या. पाचवी वाडी संपली की तीन किलोमीटर काहीच नाही, मग गवंडीबाबांचं एकटं घर, आणि त्याच्याही वर खिंड. खिंडीपलीकडे दुसरा देश. टपालबाईचं घर सगळ्यात खालच्या वाडीत होतं.

बाविसाव्या वर्षी ती टपालात लागली. पत्रं आणि पार्सलं दर सोमवारी सामानाच्या गाडीतून वर जायची. सायकल दिली होती ती फक्त तारेसाठी, कारण तार सोमवारची वाट बघू शकत नाही. पहिली दोन वर्षं तशी मजेत गेली. कुणाला मुलगी झाली, कुणाची बदली झाली, कुणी अमुक तारखेला येतोय. मग लढाई लागली आणि पाच वाड्यांतून एकेचाळीस मुलगे लढायला गेले.

त्यानंतर ऑफिसातले मास्तर तिच्या हातात तार देताना दुसरीकडे बघू लागले. आत काय लिहिलंय ते तिला त्यावरूनच कळे.

लोकांनाही कळायला फार दिवस लागले नाहीत. पहिल्या तारेला सगळी वाडी धावत बाहेर आली. दुसरीला जो तो आपापल्या उंबऱ्यात थांबला. चौथ्या-पाचव्या खेपेला ती वळण घेऊन वर आली, तेव्हा रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. धुराड्यांतून धूर निघत होता, दोरीवर कपड्यांतून पाणी ठिबकत होतं, आणि दारं सगळी बंद. तिने कडी वाजवली. आतून आवाज आला, "इथं कोणी राहत नाही."

"मावशी, मी आहे," ती म्हणाली.

"आत कोणी नाही," मावशी आतूनच म्हणाली.

तार हातात द्यायची आणि सही घ्यायची, असा नियम होता. तीन खेपा करूनही दार उघडलं नाही, तर फटीतून आत सरकवायची. एका घरी तिने अशी सरकवली, तर आतून कुणीतरी ती परत बाहेर सरकवली. तिने पुन्हा आत ढकलली. ती पुन्हा बाहेर आली. चार वेळा असं झालं. शेवटी तिने दाराला तोंड लावून ती तार वाचून दाखवली. आतून हुंदका नाही, शब्द नाही. फक्त चुलीवर काहीतरी उतू गेल्याचा जळकट वास आला.

दार उघडलं ते एकट्या गवंडीबाबांनी. त्यांचे दोघे मुलगे गेले होते, आणि त्या दोघांच्या तारा अकरा दिवसांच्या अंतराने आल्या. दोन्ही वेळा दार सताड उघडं होतं आणि बाबा टेबलाशी बसले होते. "ये पोरी, उन्हात उभी राहू नकोस," ते म्हणाले. दुसऱ्या वेळी त्यांनी तार वाचली, घडी केली, आणि आधी उठून तिला पाणी दिलं. तिने तांब्या तसाच हातात धरला. "पी गं," ते म्हणाले, "अठरा किलोमीटर चढून आलीस."

लढाई संपली. तारा बंद झाल्या, फोन आले. टपालबाईने रस्त्यावरच्या मुकादमाशी लग्न केलं, तिला मुलगा झाला. पण ती सायकलवर दिसली की दारं लागत ती लागतच. एकदा ती नुसतं मीठ आणायला निघाली होती, तरी सबंध वाडी बंद झाली. पुढे तर लढाईनंतर जन्मलेली माणसंही दार लावू लागली. का लावतो, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं आणि त्यांनी विचारलंही नव्हतं. शेवटी तिनेच सायकल गोठ्यामागच्या खोलीत भिंतीला टांगली आणि चालायला लागली. मुकादम वारले. मुलगा मालवाहू जहाजावर नोकरीला लागला. शेजारच्या घरात तिची नणंद राहायची. दिवसातून दहा वेळा दोघींची भांडणं व्हायची, पण एकीचं दुसरीवाचून पान हलत नसे.

त्या गुरुवारी दुपारी टपालबाई अंगणात वाल निवडत बसली होती. वारा पडला होता. त्या भागात वारा कधी पडत नाही, म्हणून तिने मान वर केली. ओढ्यापलीकडे समोरच्या उतारावर दुसरी वाडी होती, रस्त्याला लागून नऊ घरं. त्यातलं सगळ्यात वरचं दार बंद झालं. मग त्याच्या खालचं. मग तिसरं. खिडक्यांच्या फळ्या एकेक करून लागत होत्या. एवढ्या लांबून आवाज येत नव्हता, नुसतं दिसत होतं. रस्त्यावर कोणीच नव्हतं, आणि दारं मात्र एकामागोमाग मिटत खाली येत होती.

तिच्या हातातलं सूप तसंच राहिलं. ही दारं ती सायकलवरून आल्यावर लागायची. आणि ती तर इथे, अंगणात बसलेली होती.

ती उठली आणि गोठ्यामागच्या खोलीत गेली. सायकल भिंतीवर होती. तिने हात लावून बघितलं. हँडलवर धुळीचा जाड थर होता, चाकं हवा जाऊन चपटी झाली होती. स्वतःचंच तिला हसू आलं. तेवढ्यात ओढ्याच्या पुलाकडून घंटी वाजली. एकदा, आणि थोड्या वेळाने पुन्हा एकदा.

शेजारी नणंदेचं दार धाडकन लागलं.

पुढचं ती नंतर कितीतरी दिवस आठवून बघत राहिली. ती घरात कधी शिरली, ते तिला आठवेना. दाराला पाठ लावून ती उभी होती आणि कडी आतून घातलेली होती. ती कुणी घातली? दुसरं कोणी नव्हतंच घरात. डोक्यात एकच गोष्ट घुमत होती, की मुलाचा फोन येऊन बारा दिवस झालेत. आता असली बातमी फोनवर येते, सायकलवर येत नाही, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? तरी ती दाराला रेटा देऊन उभी होती.

खडीवर चाकं करकरली. थांबली. दारावर थाप पडली.

"इथं कोणी राहत नाही," टपालबाई म्हणाली.

तो आपलाच आवाज आहे हे कळायला तिला क्षणभर लागलं. एवढी वर्षं हे वाक्य ती दाराच्या दुसऱ्या बाजूने ऐकत आली होती.

बाहेरून बाईचा आवाज आला. अडखळत, एकेक शब्द हुडकून काढल्यासारखा. "म्हातारा... झोपला. उठत नाही. दोन दिवस."

टपालबाईने कडी काढली.

दारात पंचेचाळिशीची एक परदेशी बाई उभी होती. ओठ फुटलेले, नाक उन्हाने सोललेलं, हातात शब्दांचं चिमुकलं पुस्तक. मागे सायकल उभी होती, तिला दोन्ही चाकांवर पिशव्या लटकवलेल्या. दार उघडलेलं बघून ती बाई आधी मटकन खालीच बसली. टपालबाईने पाणी दिलं. तांब्याभर पाणी एका दमात पिऊन तिने वही काढली आणि चित्र काढायला घेतलं. एक घर, मागे दोन सुळके, दार उघडं. आत टेबल आणि खुर्चीत बसलेला माणूस. मग तिने स्वतःचा तळवा नाकाखाली धरला आणि मान हलवली. श्वास नाही.

गवंडीबाबांच्या घरामागचे ते दोन सुळके टपालबाईने लगेच ओळखले.

त्या बाईची हकिकत हातवाऱ्यांनी आणि पुस्तकातल्या शब्दांनी हळूहळू कळली. ती एकटीच सायकलवरून देश बघत फिरत होती. खिंड ओलांडून आली, पहिलंच घर लागलं ते उघडं. ती आत गेली, नमस्कार केला. आजोबा मान जराशी वाकवून टेबलाशी बसले होते. डुलकी लागली असेल, म्हणून तीही समोरच्या खुर्चीत बसली. भूक लागली होती. तिने डबा उघडून जेवण केलं. अर्धा भाग आजोबांपुढे ठेवला. मग त्यांच्या हाताला तिचा हात लागला.

"मी जेवले," ती पुन्हा पुन्हा सांगत होती. "पुढे बसून. मग कळलं."

त्यानंतर दोन दिवस ती दारं ठोठावत खाली येत होती. सगळ्या घरांतून धूर, कुठे रेडिओ चालू, आणि दार कुणी उघडेना. एका घरातून कुणीतरी फटीतून तिच्याकडे बघत होतं, तो डोळा तिला दिसला होता. तिने विचारलं ते पुस्तकात बघून नव्हे, नुसत्या चेहऱ्याने: हे काय आहे?

टपालबाईने तिचा तांब्या पुन्हा भरला. सांगायचं तरी कुठल्या शब्दांत?

थोड्या वेळाने नणंदेने आपलं दार बोटभर उघडलं. "वहिनी, कोण आहे?"

"या बाहेर, वन्सं. गवंडीबाबा गेले."

नणंद बाहेर आली, डोळ्यांना पदर लावला, आणि मग त्या परदेशी बाईकडे बघून म्हणाली, "हिला खायला घाल आधी. ही पण जायची नाहीतर." रेंजसाठी टेकडीवर चढून टपालबाईने तालुक्याच्या ऑफिसला फोन लावला. सोमवारच्या गाडीबरोबर माणूस पाठवतो, असं उत्तर मिळालं. खालच्या वाडीतले धडधाकट पुरुष सगळे कामाला शहरात. म्हणजे बाबांना उचलायला माणसं वरच्या वाडीतूनच घ्यायला हवी होती.

"सकाळी निघते," टपालबाई म्हणाली.

"तुझ्या गुडघ्यांनी? अठरा किलोमीटर?"

"सायकलने जाईन."

नणंदेने पदर खोचला. मग म्हणाली, "जा. पण मला सांगून निघू नकोस. मी झोपलेली असेन."

त्या परदेशी बाईने सायकल भिंतीवरून उतरवली, ट्यूब काढून पाण्यात धरली, तीन ठिगळं लावली, चेनला तेल दिलं. टपालबाई बघत राहिली. आजवर त्या सायकलला दुसऱ्या कुणी हात लावला नव्हता.

उजाडताच दोघी निघाल्या. नणंदेची खिडकी बंद होती. पुलावरून पलीकडे जाताच दुसऱ्या वाडीची दारं लागायला लागली. जवळून ऐकलं की तो आवाज अगदी साधा असतो. कडी, खिट्टी, कुणीतरी पोराला आत ओढल्याचा, भांडं खाली ठेवल्याचा. परदेशी बाई घाबरून तिच्याकडे बघू लागली. टपालबाईने नुसतं पुढे बोट दाखवलं: चल. तिसरी वाडी, चौथी वाडी. एके ठिकाणी अंगणात पाळणा अजून हलत होता, पण पाळण्यात बाळ नव्हतं. चढावर दोघी उतरून चालत, सपाटीवर पुन्हा बसत. एकदाही कुणी बाहेर आलं नाही. सगळ्या डोंगरात जिवंत अशा त्या दोघीच होत्या असं वाटावं.

गवंडीबाबांचं घर उघडंच होतं. बाबा टेबलाशी बसलेले. त्यांच्या खांद्यावर लाल रेनकोट होता, तो त्या बाईने घातलेला. समोर ताटलीत अर्धा पाव आणि चीजचा तुकडा, कडेने वाळलेला. शेजारी दगडाखाली एक कागद, त्यावर परक्या लिपीत काहीतरी. बाबांचं तोंड दाराकडे होतं. कोणी आलं तर आधी दिसावं अशी ती खुर्ची त्यांनी मांडलेली असायची, हे टपालबाईला ठाऊक होतं. आज मात्र तिला त्या नजरेसमोरून आत जाववेना. ती भिंतीच्या कडेने गेली, मागून आली, आणि त्यांच्या डोक्यावर हात ठेवला.

"बाबा, मी आले," ती म्हणाली. आजवर ती या घरात दुसऱ्यांच्या बातम्या घेऊन आली होती.

परदेशी बाई तिथेच थांबली. टपालबाई सायकल घेऊन एकटी पाचव्या वाडीत उतरली. सात घरं, सातही बंद. मधोमध उतरून ती ओरडली, "गवंडीबाबा गेले! ऐकताय का? कुणाचा मुलगा नाही, कुणाचा नवरा नाही. गवंडीबाबा गेले. चार माणसं पाहिजेत."

कुठेही पान हललं नाही. एका घरातून फोडणीचा चुर्र आवाज आला आणि लगेच कुणीतरी झाकण घातलं.

"अगं, मला ओळखता ना तुम्ही? मागच्या महिन्यात तुमच्याकडे बारशाला आले होते मी!"

बराच वेळ गेला. मग डावीकडच्या दारामागून, अगदी खालून, कुणीतरी दाराशी बसून बोलावं तसा बायकी आवाज आला. "पायी ये."

"काय?"

"सायकल ठेव. वळणापलीकडे ठेव आणि पायी ये. मग उघडते."

टपालबाईला रागाने रडू फुटायच्या बेतात होतं. पण उपाय काय? ती वळणापलीकडे गेली, रस्त्याच्या कडेला सायकल आडवी टाकली आणि चालत परत आली.

दारं उघडी होती. सगळी. पोरं अंगणात खेळत होती, एक म्हातारा चपलेला टाका घालत होता, बाया भांडी घासत होत्या, जणू सकाळपासून हेच चाललंय. डावीकडच्या घरातली बाई हात पुसत पुढे आली. "अगंबाई, टपालबाई! इतक्या लांब कशी? कधी आलीस?"

टपालबाईने तिच्या तोंडाकडे पाहिलं. त्या चेहऱ्यावर लबाडी औषधालाही नव्हती. बाई खरंच विचारत होती.

"आत्ताच," टपालबाई म्हणाली. "गवंडीबाबा गेले."

आणि त्या बाईने छातीवर हात मारून घेतला, चपलेवाला म्हातारा उठून उभा राहिला, पोरं गप्प झाली. पहिल्यांदाच ऐकल्यासारखं सगळ्यांचं काळीज हललं. बघता बघता सहा माणसं, दोर आणि पलंगाची फळी घेऊन निघाली. वळणावर त्यांना सायकल लागली. ती ओलांडूनच सगळे पुढे गेले. एकानेही खाली बघितलं नाही. सगळ्यांनी पाय मात्र बरोबर उंच उचलला.

बाबांना घरामागे सुळक्यांच्या पायथ्याशी माती दिली. खणायला दुपार गेली, कारण तिथे माती थोडी आणि दगड फार. परदेशी बाईनेही पहार घेतली. तिचे हात सोलले तेव्हा चपलेवाल्या म्हाताऱ्याने पहार काढून घेतली आणि म्हणाला, "पुरे, ताई. तुम्ही पाहुण्या." दोन दिवस ती ज्या दारांवर थापा मारत होती, त्यातलं एक त्याचं होतं.

ती बाई टपालबाईकडे दोन दिवस राहिली. निघायच्या सकाळी टपालबाईने तिचं हँडल धरलं, ती सायकलवर बसायला लागली तर मानेने नको म्हटलं, आणि बोटांनी चालून दाखवलं. गाव आलं की उतर. घरं संपली की बस. बाईने वहीत काहीतरी लिहून घेतलं. तिला का ते कळलं नसावं. पण खाली बाजाराच्या गावापर्यंत तिने तसंच केलं असणार, कारण पुढच्या सोमवारी गाडीवाला सांगत आला, की एक परकी बाई सायकल ढकलत चालली होती, आणि लोकांनी तिला इतके उकडलेले बटाटे दिले की तिच्या पिशव्या बंद होईनात.

दारामागे उभं राहून आपण काय बोललो ते टपालबाईने फक्त नणंदेला सांगितलं. नणंदेने हातातली वालाची शेंग सोलून टाकली. मग म्हणाली, "मी तर पलंगाखाली शिरले होते. आता काय सांगू तुला."

मुलाचा फोन आला तो रविवारी. जहाज कुठल्याशा बंदरात अडकलं होतं, म्हणून उशीर.

गवंडीबाबांच्या घराला कुणी वारस नव्हता. आवराआवर करायला टपालबाई महिन्याभराने सायकल घेऊन पुन्हा वर गेली. काम लवकर संपलं. खिंड तिथून तीन किलोमीटर. इतक्या वर्षांत ती कधी तिकडे गेली नव्हती. तिची हद्द त्या घरापाशीच संपायची. त्या दिवशी तिने सायकल वर वळवली. माथ्यावर एक गंजलेला खांब होता, त्यावर दोन्ही बाजूंना दोन वेगळ्या लिप्या. पलीकडेही तसाच काळा कातळ, तसाच रस्ता, खाली उतरत गेलेला.

ब्रेक दाबत ती उतरायला लागली. दुसऱ्या वळणावर रस्त्याकाठी एक माणूस खडी फोडत बसला होता, मागे त्याची झोपडी. तिला पाहताच त्याने घण खाली ठेवला. टपालबाईने नकळत त्याच्या झोपडीच्या दाराकडे पाहिलं आणि ब्रेक घट्ट दाबला.

माणूस हसला. डोक्यावरची टोपी काढून त्याने हवेत हलवली आणि त्याच्या भाषेत काहीतरी मोठ्याने विचारलं. कुठून आलात, किंवा कुठे निघालात, असंच काहीसं असावं. टपालबाईला एक अक्षर कळलं नाही. ती एक पाय खडीवर टेकवून तशीच उभी राहिली. अशा वेळी तोंड कसं ठेवायचं, ते तिला माहीत नव्हतं. तो मात्र उत्तराची वाट बघत, ऊन डोळ्यांवर येतंय म्हणून कपाळावर हात धरून, तिच्याकडे बघत राहिला.